पासीघाट ते लेह

“सरळ विमान नाहीये, काका,” स्क्रीनवरून नजर न काढता आसावरी म्हणाली. “पासीघाटहून गुवाहाटी, तिथून दिल्ली, मग लेह. दोन दिवस धरा.”

“आणि सरळ असतं तर?”

“नकाशावर अठराशे किलोमीटर दाखवतंय. अडीच-तीन तास लागले असते. तुम्ही जाणार?”

“मी नाही. लेक जाणार, भावाकडे.”

खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गुणाजी भोईरांची एकतीस वर्षं गेली होती. कुठली गाडी कधी पोचेल, हे सगळे त्यांना विचारायचे. आज कोपरीतल्या या तिकिटांच्या ऑफिसात विचारणारे ते होते.

निशिगंधा अरुणाचलात पासीघाटला नर्स होती. जयेश लेहला रस्त्यांच्या कामावर. गुणाजींची बायको शेवंती गेल्यापासून दोघं दिवाळीला तेवढी घरी यायची. यंदा जयेशला रजा नव्हती. निशिगंधा एकटीच येणार होती आणि गुणाजी तिच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

पण पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी जपायला सांगितलं, आणि तेव्हापासून एक गोष्ट त्यांना खुपू लागली. “दादा कसाय?” हे निशिगंधा त्यांनाच विचारायची. “निशी काय म्हणते?” हे जयेशही त्यांनाच. भांडण काही नव्हतं. एकमेकांना फोन करायची सवयच नव्हती. आपण नसलो तर ही दोघं भेटणार कुठं?

तिकीट काढल्याचं कळल्यावर संध्याकाळी निशिगंधा फोनवर रुसली.

“वर्षातून एकदा तुम्हाला बघायला येते मी, बाबा. आणि तुम्ही मला तिकडे धाडता?”

“मी इथंच हाय गं. यंदा त्याला कोण ओवाळणार?”

“आणि तुम्ही एकटे काय करणार?”

“झोपा काढेन. तू जा तर खरी. एकदा वाट ठाऊक झाली म्हंजे बरं असतं.”

तिनं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “स्वेटर किती लागतील तिकडे?”

“ते दादाला विचार,” गुणाजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

भाऊबीजेला दुपारी व्हिडिओ कॉल आला. जयेशच्या कपाळावर टिळा होता. निशिगंधानं त्याचंच जाड जॅकेट घातलं होतं. दोघांनी नमस्कार केला, जेवलात का विचारलं, गोळी घेतली का विचारलं. मग कुणीतरी कॉल न तोडताच फोन बाजूला ठेवला. पडद्यावर नुसतं लाकडी छत दिसू लागलं.

त्या छताखाली दोघं बोलत होती. आईच्या करंज्यांवरून काहीतरी निघालं. जयेश हसला, मग निशिगंधा, मग तिचं “अरे, ऐक तर...” गुणाजींना सगळे शब्द लागत नव्हते. ते भिंतीला टेकून, फोन मांडीवर घेऊन बसले. मधेच खोकला आला, तेव्हा त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर घट्ट दाबून धरला.