फिरतंय अजून

घरात इंटरनेटची तार येते ती दादाच्या जुन्या कॉम्प्युटरला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, आणि त्यातूनच सगळ्या घराला वायफाय. वायफायचं नाव दादाने ठेवलं होतं 'या बसा', आणि पासवर्ड 'जेवूनच जा'. पाहुण्याने पासवर्ड विचारला की वहिनी सांगायच्या, "जेवूनच जा." तो म्हणायचा, "नको वहिनी, घाईत आहे." दादा पोट धरून हसायचा.

एके सकाळी कॉम्प्युटरची डिस्क गेली आणि वायफाय बंद पडलं. परमुलखातल्या लेकीला दादा फोनवर म्हणाला, "चिमणे, तुला हवं होतं ते भजन गाऊन पाठवलंय. पण ते गोल चक्र फिरतंय अजून. आपलं यंत्र रुसलंय." दुपारी त्याच्या छातीत कळ आली आणि देवाने त्याला उचलून नेलं.

दादाच्या फोनला इंटरनेट मिळायचं ते फक्त ह्या वायफायवरून, म्हणून भजन फोनमध्येच अडकलं. फोनला कुलूप, आणि आकडा फक्त त्यालाच ठाऊक. चिमणी मला विचारत राहायची, "काका, येईल का हो ते?"

शेवटी मी नवी डिस्क घालून बसलो. "वहिनी, नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे हवेत. फोन ओळखीच्याच दारात शिरतो."

"सगळी लहान इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा सोडायची नाही," त्या म्हणाल्या. "गावभर सांगून झालंय, भाऊजी."

'या बसा' पुन्हा सुरू झालं. फळीवर चार्जरला लावलेला दादाचा फोन आपणहून जोडला गेला. कॉम्प्युटरवरच्या यादीत त्याचं नाव उमटलं. पण चिमणीकडे काहीच पोचेना.

"बंद करून चालू करतो," म्हणत मी हात पुढे केला. वहिनींनी फोनवर तळवा ठेवला.

"नका. हे गेल्यापासून एकदाही विझू दिला नाही. जाऊबाईंनी वेड्यातसुद्धा काढलं मला."

मी चपापलो. फोन एकदा विझला असता, तर कुलूप उघडेपर्यंत त्याने कुठलंच वायफाय धरलं नसतं. माझ्या शहाणपणाने सगळ्यावर पाणीच पडलं असतं.

चूक माझ्याकडेच निघाली. फोनला आत घेतलं होतं, पण त्याचं बोलणं पुढे तारेवर सोडायला कॉम्प्युटरला सांगितलंच नव्हतं. कीर्तनात बुवा म्हणतात तसं, हाक मारणं सोपं, पोचवणं अवघड. मी ती एक ओळ लिहिली.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. "आलं, काका," चिमणी म्हणाली, आणि तिने ते आम्हालाही ऐकवलं. दादाचा आवाज. एक कडवं, मग खोकला, मग, "पुढचं तू आलीस की. समोर बसवून म्हणतो."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या.

तेवढ्यात फळीवरचा फोन उजळला. काचेवर ओळ आली: चिमणी – ऐकलं, बाबा.

वहिनींनी उठून वाचली. उजेड मावळला. त्यांनी काचेला बोट लावलं, पुन्हा वाचली.

"उघडता नाही ना येणार?"

"नाही."

"असू दे," त्या म्हणाल्या. "ह्यांना पोचलं ना."