बेसवाल्याचा कोपरा

बँडमध्ये आम्ही चौघं. एक गायिका, कीबोर्डवर मी, ड्रमवर मेहुणा आणि बेस गिटारवर तळघर. तळघर हे नाव गायिकेनं ठेवलं, कारण त्याचे सूर तिथूनच येतात आणि तो स्वतःही चारदा हाक मारल्याशिवाय वर येत नाही. ड्रमवाला तळघराच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यामुळे त्याला सगळेच मेहुणा म्हणतात. चिडली की त्याची स्वतःची बायकोसुद्धा.

दर रविवारी दुपारी तीन ते सहा आम्ही फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये नाचणाऱ्यांसाठी वाजवतो. एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत कोण कोणाबरोबर नाचायला आलं, कोण कोणाबरोबर परत गेलं, कोणी गुडघ्याचं निमित्त करून बसून घेतलं आणि गुडघा नेमका कोणाला पाहून दुखला, हे सगळं माझ्या डोक्यात तारीखवार आहे. तळघराची नोंद त्यात छोटीशीच. एकदाच उशिरा आला, एकदाच चुकला, आणि एकदाच माफी मागितली, तीसुद्धा स्पीकरची, कारण तो त्याच्याच हातून दारावर आपटला होता.

हा स्पीकर कमरेएवढा उंच. चार चाकं, त्यातलं एक स्वतंत्र विचारांचं. बाकीचे बेसवाले आता शाळेच्या दप्तराएवढे खोके घेऊन फिरतात. तळघराला ते पटत नाही. "हवा हलली पाहिजे," एवढंच म्हणतो. सहा तारांची बेस गिटार घेऊन कोणी भेटलं तर त्याच्याशी तो अतिशय प्रेमानं बोलतो, आजारी माणसाशी बोलावं तसं. त्याच्या स्वतःच्या गिटारला चार तारा, आणि त्यातली सगळ्यात बारीक तार तो पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखी क्वचितच काढतो. तारा गुळगुळीत, वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या. बसवल्या त्या बसवल्या, पुन्हा कधी बदलल्या नाहीत. "आत्ता कुठे मुरायला लागल्यात," हे वाक्य त्यानं मला पहिल्या वर्षी ऐकवलं होतं आणि गेल्या महिन्यातही.

वाजवण्याबद्दल त्याचा एकच कायदा. नाचणाऱ्याची टाच खाली आली की तिच्याखाली सूर हवा. म्हणून तो वाजवताना कधी बोटांकडे बघत नाही, गायिकेकडेही नाही. पायांकडे बघतो. आणि आपल्या सुरांच्या वाटेत कोणी येऊ नये म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या कीबोर्डवर डावीकडून अठराव्या पट्टीपाशी निळी चिकटपट्टी लावली. "इथून खाली माझं," म्हणाला. तेव्हापासून माझा डावा हात जवळजवळ सुट्टीवर आहे.

अडचण बुधवारी, सरावाच्या वेळी आली. हॉलला नवा व्यवस्थापक मिळाला होता. नीटनेटका, पन्नाशीचा, खिशात मोजपट्टी. तो स्टेजजवळ आला आणि वाकून त्यानं तळघराचा स्पीकर मोजला.

"हा फ्रिज इथं का ठेवलाय?"

"फ्रिज नाही, बेसचा स्पीकर आहे," मी म्हणालो.

"म्हणजे त्यातून काय ऐकू येतं?"

आता याचं उत्तर एका वाक्यात कसं द्यायचं? मी म्हणालो, "खालचे सूर."

"ते तुमच्या या पेटीत नाहीत?"

आहेत की. मी कीबोर्डची वायर गुंडाळायला लागलो.

मग त्यानं सगळं उलगडून सांगितलं. लोकांना कॉफी हवी. कॉफीचं यंत्र आलंय. त्याला जाड प्लग लागतो, आणि तसला प्लग हॉलमध्ये एकाच ठिकाणी आहे, बेसवाल्याच्या कोपऱ्यात. तेव्हा येत्या रविवारी अर्धा कार्यक्रम चौघांनी वाजवायचा, अर्धा तिघांनी. फरक कळला तर चौघं राहतील. नाही कळला तर कोपरा रिकामा.

"माणूस वाईट नाही," गायिका नंतर म्हणाली. "त्यानं विचारलं तरी."

तळघरानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि चाकाला तेल घातलं. घरी जाऊन मात्र तो दोन दिवस नीट जेवला नाही, हे वहिनींकडून कळलं. वहिनी म्हणजे त्याची बायको. "मला म्हणतात, सगळं ठीक आहे. आणि काल चहात मीठ घातलं, वर पिऊनही टाकला."

इथं माझीही एक नोंद करतो, म्हणजे हिशेब सरळ राहील. गुरुवारी आणि शुक्रवारी मी दार लावून डाव्या हाताचा रियाज केला. तळघराच्या सगळ्या चाली मला पाठ होत्या. दुसऱ्या दिवसापर्यंत हात मोकळा झाला आणि मला बरंही वाटलं. फार बरं वाटलं.

पण खरा पराक्रम मेहुण्यानं केला. दाजींसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. शनिवारी तळघर दाताच्या डॉक्टरकडे गेलेला असताना हा घरी गेला, गिटार पुसली, चमकवली, आणि जुन्या तारा पकडीनं कापून झगमगीत, खडबडीत नव्या तारा चढवल्या. एवढ्यावर थांबला असता तर ठीक. जुन्या तारांचे तुकडे त्यानं जाताना कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं टाकले, घरात घाण नको म्हणून.

रविवारी अडीचला तळघरानं गिटारच्या खोक्याचं झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"दाजी, सरप्राइज!" मेहुणा म्हणाला.

तळघरानं एक तार छेडली. ठण्ण! स्वयंपाकघरात मोठं ताट पडावं तसा आवाज झाला.

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? एकोणीस वर्षांच्या गंजक्या तारा..."

"गंजक्या!" वहिनींनी मागून आवाज टाकला. "लहानपणी याला घड्याळ पुसायला दिलं तर यानं काटे काढून पुसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या बाईनं तुझ्याशी लग्न कसं केलं, देव जाणे."

"ताई, मी चांगल्या मनानं केलं गं."

"तुझं चांगलं मन कुलपात ठेव."

तळघरानं गिटार मांडीवर घेतली. सूर लावायला बसला. नव्या तारा ताणल्या जातात आणि उतरत राहतात. तीन वाजेपर्यंत त्यानं त्या सहादा लावल्या.

पहिला भाग सुरू झाला आणि मी एकोणीस वर्षांत न पाहिलेली गोष्ट पाहिली. नाचणारी माणसं मान वळवून बेसकडे बघायला लागली. प्रत्येक सूर टणटणत होता. बोट सरकलं की तार करकरत होती. वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन मात्रांच्या गिरक्यांच्या नाचात, तर एक जोडी आमच्यासमोरच थांबली आणि काय वाजतंय ते शोधू लागली. तळघराचा चेहरा असा, की जणू भर बाजारात त्याचा बनियन दिसतोय. दर गाण्यानंतर तो खाली मान घालून पुन्हा सूर लावत होता.

मध्यंतरात व्यवस्थापक हात पुढे करूनच आला.

"वा! आज कळलं तुम्ही काय करता. स्वच्छ ऐकू आलं. आत्तापर्यंत मला वाटत होतं, तुम्ही नुसते उभे असता."

मेहुण्यानं वहिनींकडे असं पाहिलं, की बाईसाहेब, आता बोला.

"राहा तुम्ही," व्यवस्थापक पुढे म्हणाला. "कॉफीचं बघू काहीतरी. फक्त दर रविवारी असंच वाजवा. आणि मध्ये एकट्यानं दोन मिनिटं. लोकांना आवडेल."

संपलं होतं. कोपरा वाचला होता. फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात डाव्या हाताला पुन्हा सुट्टी मंजूर केली.

तळघर म्हणाला, "नाही."

"काय नाही?"

"असं नाही वाजवता येणार."

"अहो, पण आत्ता तर वाजवलंत!"

"चुकून झालं. माफ करा."

ही माझ्या नोंदीतली दुसरी माफी. मेहुणा कपाळाला हात लावून ड्रमच्या स्टुलावर बसला. गायिका छताकडे बघायला लागली. आणि वहिनी, ज्या इतका वेळ भावावर तोंडसुख घेत होत्या, त्या एकदम खूश दिसल्या. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

तळघर कप धुवायच्या मोरीपाशी गेला, तिथला नवा स्पंज मागून घेतला, त्याची पट्टी कापली आणि तारांच्या मुळाशी खाली दाबून बसवली. तार छेडली. ठण्ण गेलं. आला तो आवाज बंद दारावर बुक्की मारल्यासारखा. पुन्हा छेडली, स्पंज जरा सरकवला, मान हलवली.

"आता तर काहीच ऐकू येणार नाही," व्यवस्थापक म्हणाला.

"ऐकायचं नाहीच आहे," वहिनी म्हणाल्या. "चला."

"कुठं?"

"नाचायला. तुम्हाला फरक बघायचाय ना? तो स्टेजसमोर उभं राहून दिसत नाही."

"बाई, मला नाचता येत नाही. खरंच नाही येत. माझ्या लग्नात मी..."

"उत्तम. येणारा माणूस मला उपयोगाचा नव्हता."

वहिनींनी त्याच्या खिशातली मोजपट्टी काढून माझ्या कीबोर्डवर ठेवली आणि त्याला हाताला धरून मधोमध नेलं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचे पाय एकमेकांशी भांडण असल्यासारखे उभे होते.

हळू वॉल्ट्झ सुरू केली. तळघरानं मान वर केली आणि नेहमीसारखं पायांकडे पाहिलं. पण आज सगळ्या हॉलमधले फक्त दोनच पाय. व्यवस्थापकाचे. तो टाच टेकवायला बिचकला की सूर त्याच्यासाठी थांबायचा, केसभर. टेकली की सूर तिच्याखाली हजर. मेहुणा ड्रमवर तळघराच्या मागे, मी मेहुण्याच्या मागे, गायिका माझ्या मागे. अर्धा हॉल त्या माणसाच्या पायांच्या तालावर चालला होता आणि कोणालाही पत्ता नव्हता, त्यालासुद्धा नाही. चौथ्या फेरीला त्यानं खाली बघणं सोडलं. सहाव्या फेरीला त्यानं वहिनींना चक्क गिरकी दिली.

गाणं संपलं तसा तो धापा टाकत म्हणाला, "बघा, जमतंय मला! कोणी शिकवलंच नव्हतं."

"आता तिघांचं," वहिनी म्हणाल्या. "ठरल्याप्रमाणे."

तळघर माझ्यापाशी आला. त्यानं निळ्या चिकटपट्टीचं टोक नखानं उचललं आणि ती सर्रकन काढली. खाली पट्ट्या एकोणीस वर्षांपूर्वीसारख्या पांढऱ्या होत्या.

"घे. मनापासून वाजव," तो हळूच म्हणाला. "गुरुवारी खिडकी उघडी होती तुझी. चांगला चाललाय हात."

माझे कान तापले. पण मी मनापासून वाजवलं, हे खरं सांगतो. तीच वॉल्ट्झ, तीच लय, खालचा एकेक सूर घड्याळासारखा जागेवर. एकही चूक केली नाही. समोर व्यवस्थापक पहिल्याच फेरीला अडखळला. दुसऱ्या फेरीला वहिनींच्या पायावर उभा राहिला. तिसऱ्याला शेजारच्या जोडीत शिरला. मी त्याला पाहून थांबायला गेलो तर बोटं चुकली. बोटांकडे पाहिलं तर तो भिंतीपाशी पोचलेला. हे दोन्ही एका वेळी कसं करायचं, ते दोन दिवसांच्या रियाजात कुठं शिकवलं होतं?

"थांबा, थांबा!" तो हॉलमधूनच ओरडला. घामाघूम झाला होता. "काहीतरी बिघडलंय."

"काय बिघडलं?" वहिनींनी विचारलं, अगदी निरागसपणे.

"ते... आत्ता होतं ना मघाशी. खाली काहीतरी होतं. पायाखाली." त्यानं बुटानं जमिनीवर थाप मारून दाखवली. मग स्टेजकडे पाहिलं. तळघर हात बांधून कोपऱ्यात उभा होता, स्पंज लावलेली गिटार गळ्यात. व्यवस्थापक त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काय उमटलं ते मी पूर्ण वाचलं. आधी शंका, मग थोडी लाज, मग हसू.

"यंत्र जिन्याखाली लावू," तो म्हणाला. "वायर लांब घेऊ. काय अडलंय?"

मेहुण्यानं झांजेवर एवढ्या जोरात काठी मारली, की पहिल्या रांगेतल्या काकूंच्या हातातलं बिस्किट पडलं.

"तू गप्प बस!" वहिनी भावावर ओरडल्या, पण हसत. "आणि अहो, तुम्ही काय उभे? वाजवा ना. यांना पुन्हा नाचायचंय."

"मी कुठं म्हणालो..." व्यवस्थापक म्हणाला आणि हात पुढे केला.

आम्ही वाजवायला लागलो. मी डावा हात मांडीवर ठेवला, तेव्हा तळघरानं मान हलवली आणि भुवईनंच खूण केली, की असू दे, अधूनमधून ये. म्हणून आलो, जरा वरून, बेतानं. व्यवस्थापकानं पहिली फेरी वहिनींबरोबर घेतली, दुसरी बिस्किटवाल्या काकूंबरोबर, आणि मग रांगच लागली. तळघर त्याच्या टाचांवर डोळे लावून, ओठ घट्ट मिटून वाजवत होता, पण गाल आवरत नव्हते. गाणं तीन कडव्यांचं. तिसरं संपलं तेव्हा गायिकेनं त्याच्याकडे पाहिलं, थांबायचं का म्हणून. तो पायांकडेच बघत होता आणि पाय थांबले नव्हते. तिनं खांदे उडवले, घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली.