वाडीमागचे धोंडे

मार्गासनीच्या वरची धनगरवस्ती सरकारी नकाशात नव्हती, म्हणून तिला रस्ता मिळत नव्हता. हरिबाची बायको चैत्रात झोळीतून खाली दवाखान्यात नेताना वाटेतच गेली.

आज मोजणीला साधनाबाई आल्या होत्या. "वस्ती जुनी असल्याचा पुरावा दाखवा. नाहीतर मला पडीक माळ लिहावं लागेल."

कागद कुणाकडंच नव्हता. हरिबा त्यांना वाडीमागं घेऊन गेला; वस्तीतली माणसंही मागोमाग आली. तिथं मेलेल्या प्रत्येक माणसाचा एकेक धोंडा उभा होता. एकेकावर हात ठेवून हरिबा खापरपणज्यापासून नावं सांगत गेला आणि बाई लिहीत गेल्या.

"हा शेवटचा?"

"माझ्या संपतची आय."

"नाव सांगा, बाबा. एक जरी बिननावाचा राहिला तरी साहेब सगळी यादी परत पाठवतात."

हरिबानं धोंड्यावरचा हात काढून घेतला. बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. त्यानं ते जन्मात घेतलं नव्हतं. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"सांगा की, तात्या!" मागून पुतण्या बंडू ओरडला. "चाळीस वरसं 'अगं' म्हनून भागवलं, आता सरकार 'अगं' लिवील व्हय?"

कुणी हसलं नाही. हरिबानं धोंडा घट्ट धरला.

"भामा," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भामाबाई हरिबा कोकरे. लिवा."