खांबावरचे बारा फूट

सकाळी आठ. अकरा फूट.

पुलाच्या खांबावर नदीचं पाणी मोजायचे फुटांचे आकडे आहेत. ते वाचून भोंग्यावर सांगायचे, हे माझं काम. चौदा झाले की खालच्या आळीने बांधावर यायचं. त्याआधी कोणी खाटही हलवत नाही.

नऊ. साडेअकरा.

नणंदेचा फोन. ती खालच्या आळीत राहते. बाळ वीस दिवसांचं.

"वहिनी, निघू का गं? हे शहरात, सासूबाईंचे गुडघे हे असे."

"अजून अडीच फूट आहेत. बाळाला अंघोळ घाल निवांत."

दहा. बारा.

नावाडीकाका धापा टाकत आले. "सूनबाई, नाव बांधायचा खुंटा बुडाला. तो चौदाला बुडतो. माझ्या बापाच्या वेळेपासून."

"खचला असेल, काका. वय झालं त्याचं."

"वय माझंही झालं. मी खचलोय का?"

मी हसले. हसू अर्ध्यातच

आकडे मीच रंगवलेत. उन्हाळ्यात, जुना रंग उडाला म्हणून. खांबाच्या बुडाशी गाळ साचला होता. तो उपसायचा कंटाळा केला. गाळाच्या वरून टेप लावली आणि तिथून एक, दोन, तीन. सगळे म्हणाले, काय रेखीव आकडे!

गाळ किती होता? गुडघाभर. माझा गुडघा म्हणजे

दीड?

दोन.

बारा आणि दोन.

"काका, लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत. शेण धुता येतं."

भोंगा. "चौदा झालेत. बारा नाही, चौदा. आकडे चुकलेत. मी चुकवलेत. खालची आळी, निघा!"

नणंदेला फोन. उचलत नाही. पुन्हा. उचलत नाही. अंघोळ घालत असेल.

निवांत.

दहा वाजून वीस. बांधावर शेळ्या, गाद्या, एक शिलाई मशीन, माणसं. ती नाही. काका नाव घेऊन आळीत शिरले.

साडेदहा. आकडा वाचला नाही.

पावणेअकरा. नाव. आधी सासूबाई दिसल्या, दोन्ही हातांनी काठ धरून बसलेल्या. मग ती. कमरेपर्यंत ओली, छातीशी टॉवेलचं गाठोडं. बांधावर चढली, माझ्यापुढे थांबली.

"धर," ती म्हणाली. "एकच आहे. मोजताना चुकू नकोस."

बाळाच्या कानामागे अजून साबण होता.