ताईनं बांधलेला डबा

लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करणारी बाई रॅप करते म्हटलं की लोकांना आधी हसू येतं. येऊ दे बापडं. मंडळात सगळे तिला ‘वाफ’ म्हणायचे, आणि हे नाव तिला कामामुळे पडलं की स्वभावामुळे, यावर दोन तट होते.

मंडळ म्हणजे सात-आठ डोकी. शनिवारी दुपारी लॉन्ड्री बंद झाली की मागच्या फलाटावर मळक्या कपड्यांच्या गाड्या बाजूला सारायच्या, मधे स्पीकर ठेवायचा आणि भोवती गोल उभं राहायचं. प्रमुख होते मास्तर. एरवी ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना क्लच हळू सोडायला शिकवत. नियम एकच, पण कडक: रिंगणात म्हणायचं ते तिथल्या तिथं सुचलेलं हवं. मास्तर कुणाला तरी खिशातली एखादी वस्तू काढायला लावत आणि त्या वस्तूवर ओळी रचायच्या. घरून रचून आणलेल्या ओळींना मंडळाच्या भाषेत ‘डबा’ म्हणत. कुणी डबा उघडलाय असा संशय आला तर भर रिंगणात “डबा” म्हणून त्याला अडवायचं. पण नुसतं अडवून भागत नसे. अडवणाऱ्यानं पुढची ओळ स्वतः म्हणून दाखवायची. ओळ जुळली तर डबा आणणारा त्या दिवसापुरता बाहेर, नाही जुळली तर अडवणारा बाहेर.

याच मंडळात तिचा धाकटा भाऊही होता. मोबाईलच्या दुकानात काचा बदलायचा आणि स्वतःला ‘बिबट्या’ म्हणवून घ्यायचा. फुंकर मारली तर उडून जाईल असा बिबट्या. त्याचं ज्ञान मात्र अफाट. “ताई, तुझं ते बूम-बॅप. ढोल, टाळी आणि स्वच्छ शब्द. म्हाताऱ्यांचं झालं गं ते. आता ट्रॅप ऐक, हाय-हॅट कशी टकटकते बघ. ड्रिल ऐक, बेस कसा घसरत जातो. धमकी कशी थंड डोक्यानं द्यायची असते.” असं तो जेवता जेवता सांगायचा आणि वर ताटही उचलायचा नाही.

आणि या थंड डोक्याच्या धमक्या कोण रचायचं? हीच. पहिल्या दिवसापासून. इस्त्रीच्या रोलरवर चादर सरकवता सरकवता तिला ओळी सुचायच्या, संध्याकाळी ती त्याला म्हणून दाखवायची आणि तो पाठ करायचा. शनिवारी त्यात वस्तूचं नाव तेवढं चिकटवायचा आणि मधेमधे “हे, हे” करत पाणी घालायचा, की झाला बिबट्याचा ताजा माल. तिला आधी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लहान आहे, आई गेल्यापासून आपणच वाढवलाय, चमकतोय तर चमकू दे, असंच ती म्हणायची.

मग मोठ्या हॉलमधला कार्यक्रम ठरला. पहिल्यांदाच मंडळ फलाट सोडून खऱ्या स्टेजवर जाणार होतं. सगळ्यांचं मिळून एक गाणं आणि एकाला सोलो. तो सोलो वाफेला हवा होता. इतका हवा होता, की त्या आठवड्यात तिनं एका चादरीला चक्क दोनदा इस्त्री केली. शनिवारच्या रिंगणावरून मास्तर ठरवणार होते.

शुक्रवारी जेवताना भाऊ म्हणाला, “मी मास्तरांशी बोललोय. ताईला सगळ्यांच्या गाण्यातलं हुक द्या म्हटलं. तिचा आवाज गोड आहे, दर कडव्यानंतर त्याच दोन ओळी घोळवून गायच्या, तिला जमेल. सोलो मी करतो.”

“माझ्या वतीनं तू बोललास?”

“अगं, तुझं घरगुती रॅप आहे. हॉलमध्ये नाही चालत ते.” त्यानं आमटीचा भुरका मारला. “आणि उद्यासाठी चार ओळी दे ना. जरा कडक.”

आता सांगा, कुणाच्या अंगाची लाही होणार नाही? हिचं खाऊन हिलाच घरगुती म्हणतो. तिला वाटलं, हातातला डाव त्याच्या डोक्यात घालावा. पण तिनं डाव खाली ठेवला आणि उभ्या उभ्या त्याला चार ओळी दिल्या. मनात होतं ते सगळं त्या चार ओळींत ओतलं. त्यानं त्या घोकल्या, मान डोलावली आणि म्हणाला, “एकदम ड्रिल, ताई.” त्या ओळी कुणाला उद्देशून आहेत हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नाही. रात्रभर तिचा संताप काही उतरला नाही.

शनिवारी मास्तरांनी एकाला खिशातून किल्ली काढायला लावली. पहिली पाळी वाफेची. बीट सुरू झालं. तिला किल्लीवर हव्या तेवढ्या ओळी सुचल्या असत्या. पण समोर भाऊ हाताची घडी घालून, जबडा पुढे काढून उभा होता आणि त्याचे ओठ हळूच हलत होते. कालचं घोकणं चाललं होतं. ते पाहिलं आणि तिचा तोल सुटला. नियम गेला खड्ड्यात, असं ठरवून तिनं सुरुवात केली:

“नाव माझं विचारू नका, आवाज आधी ऐका,
तुम्हाला हव्या टाळ्या, मला दिसतात चुका.
घाम माझा, शब्द माझे, उसनं काही नाही...”

“डबा!” भाऊ ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा सोलो चालला होता, आणि घाबरलेल्या माणसाला पुढचं कुठं दिसतं?

मास्तरांनी बीट बंद केलं. “पुढची ओळ?”

त्यानं छाती पुढे काढली आणि ठणकावून म्हटलं, “कुणाच्या जिवावर उड्या मारतोस, आरशात बघ, भाई.”

मास्तरांनी वाफेकडे पाहिलं. “जुळते?”

“अक्षरन् अक्षर,” ती म्हणाली. “डबा आहे. मीच बांधलाय. माझं चुकलं, मी बाहेर जाते. पण तो कुणासाठी बांधला होता, तेवढं त्याला विचारा.”

कुणालाच विचारावं लागलं नाही. सगळे एकेक करून बिबट्याकडे वळले.

ती रिंगणाबाहेर जाऊन कपड्यांच्या गाडीला टेकून उभी राहिली. मास्तरांनी किल्ली भावाच्या हातात दिली, बीट लावलं आणि म्हणाले, “चल. आता ताजं म्हण.”

“किल्ली... हे... किल्ली आहे माझी... हे, हे...” नुसत्या गुळण्या चालल्या होत्या. आणि मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. शाळेत कविता विसरला की तो असाच खिडकीकडे बघायचा. ती खिडकीबाहेर उभी राहून नुसते ओठ हलवायची आणि तो म्हणत जायचा. आताही ओळ तिच्या जिभेवर आली होती, चांगली आली होती. तिनं ओठ घट्ट मिटले. तिला त्याची दया आली, नाही असं नाही. पण राग दयेहून मोठा होता आणि तो तिच्या हक्काचा होता. भावानं किल्ली खाली ठेवली.

सोलोचं त्या दिवशी ठरलं नाही. पुढच्या शनिवारी मास्तरांनी चष्म्याचं रिकामं घर पुढे केलं. वाफेनं त्यावर असं काही ताजं म्हटलं, की मास्तरांनी मधेच टोपी काढून बाजूला ठेवली. सोलो तिला मिळाला.

आठवडाभर तोंड फुगवून बसलेला भाऊ त्या संध्याकाळी घरी जाताना बोलला. “चारचौघांत माझी अब्रू घालवलीस, ताई.”

ती चालत राहिली.

थोडं चालल्यावर त्यानं आवाज खाली आणला. “मग आता हॉलमध्ये मी काय म्हणू? काहीतरी दे ना. तुला काय, चुटकीसरशी सुचतं.”

अजूनही मागतोच आहे, निलाजरा. ती थांबली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “हुक म्हण. तुझा आवाज गोड आहे.”