बंद घराची घंटा

ऐन थंडीत त्या शहरात एका संताचा दिवस येई, आणि त्या दिवशी अख्खं शहर दारं लावून घरात बसे. संत एकच, पण माणसं कुठून कुठून येऊन वसलेली, त्यामुळे रीत घरागणिक वेगळी. कुणी जेवताना एक ताट रिकामं मांडून ठेवत. कुणाकडे धाकटी लेक पहाटे दिवा घेऊन एकेकाला उठवत फिरे. तात्यांकडे आदल्या रात्री बूट पुसून दाराबाहेर ठेवत आणि सकाळी त्यांत खाऊ सापडे. अर्थात, बायको होती तोवर. ती जाऊन चार वर्षं झाली होती, आणि डॉक्टरांनी तात्यांचं गोडही बंद केलं होतं.

तात्या लिफ्ट दुरुस्त करत. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. यंदा लेकीनं आठवडाभर आधीच फोन केला, "बाबा, नक्की या हं." तात्या म्हणाले, "सुट्टी नाही गं मिळत. साहेब ऐकतच नाहीत." खरं तर साहेबांकडे जाऊन त्यांनी स्वतःच त्या दिवसाची ड्यूटी मागून घेतली होती. साहेबांना काय, आयतंच घबाड मिळालं.

सकाळी सहाला पहिला फोन आला. एका जुन्या सहामजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत कुणीतरी बाई होत्या. तात्या गाडी काढून निघाले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. इमारतीचा रखवालदार रजेवर, जिन्यातला दिवा गेलेला. हातातल्या विजेरीच्या उजेडात धापा टाकत ते चौथ्या मजल्यावर पोहोचले आणि त्रिकोणी किल्लीनं लिफ्टचं बाहेरचं दार उघडलं. खाली वीतभर फट दिसली. फटीतून पांढरे केस दिसले आणि एक न पेटवलेला कंदील.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"लिफ्टचा मिस्त्री. घाबरू नका मावशी."

"घाबरायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? पाय गारठलेत तेवढे."

तात्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन आले. मोटार जळली होती. आता लिफ्ट हातानंच खालीवर करायची, म्हणजे एकानं ब्रेक ओढून धरायचा आणि दुसऱ्यानं चाक फिरवायचं. एकट्यानं करायची सोयच नाही, लिफ्ट सुसाट सुटली तर माणूस जिवानिशी जायचा. तात्यांनी जोडीदाराला फोन लावला. तो सासुरवाडीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"तात्या, आजच्या दिवशी?" तो कळवळून म्हणाला. मग म्हणाला, "पाऊण तास तरी लागेल."

तात्या दाराशी फतकल मारून बसले. थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी तो फटीतून खाली सोडला. सुरकुतलेल्या दोन हातांनी तो अलगद धरला.

"घरी कळवू का कुणाला?"

"नको, नको! आज बोलायचं नसतं त्यांनी."

मग मावशींनी आपल्या घरची रीत सांगितली. पहाटे घरातल्या थोरल्या बाईनं न पेटवलेला कंदील घेऊन बाहेर पडायचं, इमारतीला एक फेरी मारायची, वर येऊन घंटा वाजवायची. तोवर बाकीच्यांनी अंधारात, हूं की चूं न करता बसून राहायचं. घंटा वाजली की आतून सगळ्यांनी एका सुरात विचारायचं, "एवढ्या थंडीत कोण आलं?" बाहेरून उत्तर द्यायचं, "ज्याची वाट पाहत होतात तो." मग दार उघडायचं, कंदील लावायचा, आणि मग खाणंपिणं, दंगा.

"आमचे हे दर वर्षी मधेच फिसकन हसायचे," मावशी म्हणाल्या. "मग मुलं हसायची. संत बिचारा ताटकळत दाराबाहेर!"

तात्याही हसले. पण त्यांच्या डोळ्यांसमोर अंधारात बसलेली पोरं आली. अर्धा तास होऊन गेला होता. एखादं रडकुंडीला आलं असेल, सुनेचा जीव टांगणीला लागला असेल.

"कितव्या मजल्यावर राहता?"

"पाचव्या. पण तुम्ही जाऊ नका हं."

"नाही, नाही. मशीन बघून येतो," म्हणत तात्या जिना चढले. दार हळूच वाजवून दोन शब्द कानावर घालायचे, एवढंच त्यांच्या मनात होतं. पाचव्या मजल्यावर तीन दारं होती. दोन दारांखालून उजेडाची रेघ येत होती, आतून भांड्यांचा आवाज येत होता. तिसऱ्या दारावर घंटेचं बटण होतं, खालून उजेड येत नव्हता आणि कडीला बाहेरून कुलूप होतं.

तात्या त्या कुलपाकडे बघत उभे राहिले. मग मुकाट्यानं खाली येऊन बसले.



"बघितलंत ना?" मावशींनी विचारलं.

"हो."

"हे जाऊन सहा वर्षं झाली. मुलगे दोघं परदेशात. थोरल्याच्या सासुरवाडीला खिडक्यांत मेणबत्त्या लावतात, तो तेच करतो आता. धाकट्याला तर आज दिवस कुठला तेही ठाऊक नसेल. मी आपली फेरी मारते, घंटा वाजवते, आणि कुलूप काढून आत जाते. म्हाताऱ्या बाईचं डोकं फिरलंय म्हणाल."

"मी कशाला म्हणू?" तात्या म्हणाले. आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्या फटीला सांगून टाकलं. "मी लेकीला थाप मारून इथं बसलोय. गेल्या वर्षी गेलो होतो तिच्याकडे. माणसं फार चांगली हो. पण केव्हा उठायचं, केव्हा बसायचं, केव्हा गायचं, मला काही म्हणजे काही कळेना. विहीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडे काय करतात ते सांगा ना. मी बुटांचं सांगायला लागलो आणि बायकोपाशी येऊन अडलो. लेक उठून आत गेली. तिचा सण मी नासवला, मावशी."

"ती आत का गेली ते विचारलंत तिला?"

तात्यांनी विचारलं नव्हतं.

इतक्यात जोडीदार हाश्शहुश्श करत जिना चढून आला, कोटाखाली नवाकोरा सदरा. दोघं वर गेले. त्यानं ब्रेक धरला, तात्यांनी चाक फिरवलं. इंचाइंचानं लिफ्ट वर आली, मग खाली येऊन त्यांनी दार उघडलं. मावशी बाहेर पडल्या तेव्हा तात्यांना कळलं की त्या त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

त्या निघाल्या, थांबल्या, आणि पदराच्या गाठीची किल्ली काढून त्यांनी तात्यांपुढे धरली.

"भाऊ, दोन मिनिटं आहेत?"

तात्यांनी किल्ली घेतली. जोडीदाराला म्हणाले, "तू गाडीत बस. आलोच."

त्यांनी कुलूप काढलं, आत शिरून दार लोटून घेतलं. खोलीत पडदे ओढलेले होते. मिट्ट काळोख. हाताला खुर्चीची पाठ लागली, मग आणखी एक, मग आणखी. तात्या बसले नाहीत. घंटा वाजली. विचारायचं काय ते त्यांना पाठ झालं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. घंटा पुन्हा वाजली, या वेळी जरा घाईनं, जरा घाबरून.

"एवढ्या थंडीत," तात्या म्हणाले, आणि आवाज नीट करून पुन्हा म्हणाले, "एवढ्या थंडीत कोण आलं?"

बाहेरून उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा ते जेमतेम ऐकू आलं.

त्यांनी दार उघडलं. मावशींनी आत येऊन काडी ओढली, कंदील लावला. उजेडात चार खुर्च्या दिसल्या, स्वच्छ पुसलेल्या. मावशींनी डोळे टिपले आणि एकदम म्हणाल्या, "फार खर्जात विचारलंत हो. संत पळून गेला असता." मग बसायचा आग्रह केला. तात्यांना पुढच्या तक्रारीवर जायचं होतं. ते उभ्या उभ्याच पाणी प्यायले आणि निघाले. जिना उतरताना वरून कडी लागल्याचा आवाज आला.

"इतका वेळ काय करत होतात?" गाडीत जोडीदारानं विचारलं.

"काही नाही. म्हाताऱ्या आहेत, घरात सोडून आलो."

संध्याकाळी घरी आल्यावर हात धुऊन त्यांनी लेकीला फोन लावला. मागे गलका होता, कुणीतरी पेटी वाजवत होतं.

"बाबा! दिली का साहेबांनी सुट्टी?"

"मी मागितलीच नव्हती गं," तात्या म्हणाले. "तुला खोटं सांगितलं."

 पलीकडे पेटी वाजत राहिली.

"गेल्या वर्षी तू आत का गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही बोलता बोलता थांबलात, आणि मला आई..." ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली, सगळे खोळंबलेत म्हणून. "नंतर करते फोन. खरंच करते. तुम्ही जेवलात का?"

"जेवतो आता."

तात्यांनी भात टाकला. फोन ओट्यावरच ठेवला, ऐकू यावा म्हणून. समोरच्या घरांत एकेक खिडकी उजळत गेली. जेवण झालं, ताट घासून झालं. फोन आला नव्हता. त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा घालवला, खुर्ची ओढून घेतली आणि ते तिथंच बसून राहिले.