खुंटीवरची किल्ली

माझी पणजी बांबूची कणगी होती. तिला झाकण होते, कडी नव्हती. ज्याचा हात पोहोचेल त्याला ती दाणे देई. माझी आजी सागवानी संदूक. तिला साखळी होती, पण ती काढायला बळ लागत नसे, लाज तेवढी सोडावी लागे. माझी आई पत्र्याची ट्रंक. तिचे कुलूप बायका केसांतल्या आकड्याने उघडत आणि वर हसत. आणि मी केनवडच्या लिलाबाईंच्या घरातली जुनी लोखंडी पेटी आहे. अंगातच कुलूप घेऊन जन्मलेली आमच्या घराण्यातली पहिली.

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणते ते रीत आहे म्हणून. मानाने तुम्ही माझी पणतवंडे शोभाल. तेव्हा ताठ बसा आणि मधे बोलू नका.

माझा जन्म १९७१ साली गफ्फार मिस्त्रींच्या हातून झाला. मिस्त्री दर आठवड्याला केनवडच्या बाजारात कुलपे, कड्या, कोयंडे घेऊन बसत. लिलाबाई त्यांच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्री, माही भागिरथा शिकून राह्यली. आमच्या घरात पयल्यांदा कागदं येतील. उंदीर, पानी, चोर, कोनाचाच हात लागू नये अशी पेटी करून द्या." त्या घराने पंधरा वर्षांपूर्वी बुद्धाचा मार्ग धरला होता, आणि शाळेच्या कागदाला तिथे सोन्याहून अधिक मान होता.

मिस्त्रींनी मला जाड पत्र्याची केली. बिजागऱ्या आतल्या बाजूला घेतल्या, कारण पुढून भक्कम दिसणाऱ्या पेट्या चोर मागून उघडतात. कुलपात पितळेच्या पाच पट्ट्या बसवल्या. किल्लीने पाचही अचूक उंचीवर उचलल्या, तरच माझा दांडा सरकतो. शेवटी माझ्या कपाळावर, किल्लीच्या भोकाखाली, त्यांनी पोगराने, म्हणजे टोकदार छिन्नीने, टिंबाटिंबांनी आपले नाव ठोकले: गफ्फार. मग दोन किल्ल्या लिलाबाईंच्या हातात ठेवल्या. "तिसरी नाही. पेटी मी मजबूत केली बाई, आता किल्ली तुमी मजबूत ठेवा."

लिलाबाईंनी काय केले? एक किल्ली दाण्यांच्या मडक्यात टाकली आणि दुसरी दारामागच्या खुंटीला अडकवली. सगळ्या गल्लीला दिसेल अशी!

संताप येणार नाही तर काय होईल? गल्लीत माझ्यासारखी पेटी दुसरी नव्हती. आठ दिवसांत शेजारच्या जमनाबाईंचे चांदीचे तोडे माझ्या पोटात आले. मग कोणाचे रेशनकार्ड, कोणाचे पोस्टाचे पासबुक, कोणाच्या लेकीची नथ. ज्याला जे लागेल त्याने यावे, खुंटीवरून किल्ली काढावी, मला उघडावे, उलथेपालथे करावे आणि जावे. आमच्याकडे किल्ली मागितल्यावर नाही म्हणणे म्हणजे तोंडावर चोर म्हणणे. लिलाबाईंना ते जमले नाही. पाच पट्ट्या मी पोटात बाळगायच्या, आणि यांनी भिडेपोटी साऱ्या गल्लीला वाट द्यायची.

१९७६ साली भागिरथा मॅट्रिक पास झाली. तिचे प्रमाणपत्र माझ्यात आले तेव्हा माझे लोखंड गरम व्हावे इतका मला अभिमान वाटला. पुढे अकोल्याहून पत्र आले. अध्यापक विद्यालयात मुलाखत आहे, मूळ प्रमाणपत्र घेऊन या. नक्कल चालणार नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी भागिरथेने मला उघडले. मुलाखतीला दोन दिवस उरले होते.

प्रमाणपत्र नव्हते.

त्यांनी माझ्यातले सारे सामान ओसरीवर ओतले. कुलूप शाबूत, पत्रा शाबूत, बिजागऱ्या शाबूत. भागिरथा भिंतीला टेकून बसली. "आई, दुसरं काढायला महिने लागतील. माही जागा जाईन."

लिलाबाई चप्पल न घालता बाजारात गेल्या. भर गर्दीत मिस्त्रींसमोर उभ्या राहून ओरडल्या, "तिसरी किल्ली तूच ठेवली असशीन! कुलूप फोडलं नाही, मंग खोललं कोनं? चोर हायेस तू!" मिस्त्रींच्या हातातली कड्यांची माळ तशीच राहिली. लोक बघत राहिले. घरी येऊन लिलाबाईंनी कानस घेतली आणि माझ्या कपाळावरचे नाव घासून घासून पुसले. एखाद्या पोरीची वेणी ओढावी तसे मला धरले होते. मी सारे पाहिले होते. पण पेटीची साक्ष कोण काढतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आपल्या पायांनी घरी आले. लिलाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आता कायले आला?"

"मले चोर म्हना, बाई. माह्या कामाले म्हनू नका." त्यांनी खाली बसून माझ्या कुलपात डोकावले, पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या. "खोटी किल्ली लागली असती त पट्टीवर ओरखडा उठला असता. हे खऱ्या किल्लीनं खोललं. कागद ठेवल्यापासून पेटी कोनं कोनं खोलली?"

"मी आन् माही पोरगी. दोघीच." शेजारीपाजारी लिलाबाईंनी मोजलेच नाहीत.

मिस्त्री खुंटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी परात मागितली आणि गल्लीतल्या सगळ्यांना ओसरीवर बोलवायला सांगितले. "ज्यानं ज्यानं पेटी खोलली त्यानं एकेक खडा परातीत टाका. कोनाले काही म्हननार नाही."

"नका म्हनू, पन उगा खडे कायले टाकाचे?" जमनाबाई म्हणाल्या. "मी काय चोरटी हाव काय?"

"टाक न वो मावशी," भागिरथा म्हणाली. जमनाबाईंनी वाकून खडा उचलला.

खडा पडला. दुसरा पडला. पितळेच्या परातीत प्रत्येक खडा खणखणत होता. लिलाबाई दोन म्हणाल्या होत्या. परातीत अकरा खडे जमले. मिस्त्रींचा त्यात नव्हता.

"आता एकेकानं सांगा, काय नेलं आन् कशात नेलं."

कोणी कार्ड पिशवीत नेले होते, कोणी नथ पदराच्या गाठीत. जमनाबाईंची पाळी आली. "मी त माहे तोडे नेले. रिठदले बहिनीच्या पोरीचं लगन होतं. तोडे कागदात गुंडाळले, नाहीतर हवेनं काळे पडतात."

"कोन्ता कागद?"

"होता एक पेटीतच. चांगला कडक होता. त्यावर लिवलेलं होतं, मले काय समजते!"

भागिरथा उठून उभी राहिली. मग जमनाबाईंनाच उमगले आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "वो माय! तोडे अजून रिठदलेच हायेत."

लिलाबाईंचा थोरला मुलगा इंद्रभान सायकल काढून निघाला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. भागिरथा रस्त्याच्या वळणाकडे तोंड करून बसली होती आणि मिस्त्री तिच्याजवळ, परत न जाता. दिवस मावळता मावळता इंद्रभान आला. शर्टाच्या आत छातीशी कागद होता. चार घड्या पडलेल्या, कोपऱ्याला हळदीचा डाग. पण नाव, गुण, शिक्का सारे जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन भागिरथा अकोल्याला गेली आणि तिला प्रवेश मिळाला. हळदीचा डाग पाहून परीक्षक हसले म्हणे.

त्यानंतर मिस्त्रींनी मला दोन दिवस खोलून कामाला घेतले. पाचही पट्ट्यांची जागा बदलली, म्हणजे जुन्या दोन्ही किल्ल्या एका क्षणात मुक्या झाल्या. पोटात चार खण केले आणि प्रत्येकाला वेगळे छोटे कुलूप दिले. मोठी नवी किल्ली एकट्या लिलाबाईंच्या गळ्यात. खणाची किल्ली ज्याच्या त्याच्याकडे. तळाला गंज धरू लागला होता, तिथे झाळ देऊन पत्रा पक्का केला. भागिरथेने वही टांगली: कोणी उघडले, कोणत्या दिवशी, काय नेले. ज्याला लिहिता येत नाही त्याचे नाव इंद्रभानने लिहायचे.

"एवढ्या भानगडी?" जमनाबाई फुरंगटल्या. "मले चोर समजून राह्यले काय?"

"नाही हो वयनी," मिस्त्री म्हणाले. "तुमचे तोडे पोरीच्या कागदापासून दूर ठेवून राह्यलो." त्यावर जमनाबाईच आधी हसल्या.

लिलाबाईंनी हात जोडून माफी मागितली. घरात. दार लोटून.

आणि मित्रांनो, माझा खरा संताप इथे आहे. आरोप भर बाजारात, माफी बंद दाराआड! बाजाराने पहिले ऐकले होते, दुसरे ऐकलेच नाही. मिस्त्रींकडे कुलूप घ्यायला येणारे कमी झाले. ते कोणाला काही सांगत बसले नाहीत. दर आठवड्याला त्याच जागी बसत राहिले. मी मात्र कपाळावरचा घासलेला डाग घेऊन तीन वर्षे कुढले. त्या तीन वर्षांत माझ्यातला एक कागद हलला नाही, एक तोडा हरवला नाही. म्हणून तुम्हाला बजावते. चांगले कुलूप आणून तुमचे काम संपत नाही. किल्ली कोणाकडे आहे, ती कोणाला का दिली, आणि जुनी झाली तेव्हा बदलली का, हे रोज पाहावे लागते. भीड वाटली तरी नाही म्हणावे. आणि काही बिघडले, तर कारागिराकडे बोट दाखवण्याआधी आपली खुंटी पाहावी.

१९७९ साली भागिरथा कामरगावच्या शाळेत शिक्षिका झाली. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली ती पितळेची पट्टी घेऊन. पट्टीवर सुबक अक्षरांत कोरले होते: गफ्फार मिस्त्री यांनी बनवली.

"आई, नाव तू पुसलं होतं," ती एवढेच म्हणाली. "आन् बाजारात बोलली होती."

 बाजाराच्या दिवशी लिलाबाईंनी इंद्रभानला बैलगाडी जुंपायला लावली, आणि मला, भरल्या पोटाची, गाडीत चढवले. मिस्त्रींच्या दुकानापुढे गाडी थांबली. गर्दी जमली. लिलाबाई गाडीवर उभ्या राहिल्या.

"ऐका वो सारे! तीन वर्षं झाले, मी इथंच या मान्साले चोर म्हनलं. चोर कोनीच नव्हता. किल्ली मीच खुंटीले टांगली होती. चूक माही होती. याच्या पेटीतून आजपर्यंत काडी चोरीले गेली नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. ते बरेच झाले. लिलाबाई खाली बसल्या, पट्टी माझ्या कपाळावर धरली आणि मिस्त्रींकडे हात केला. "पेचकस द्या."

"द्या इकडं, मी लावतो," मिस्त्री म्हणाले. पण लिलाबाईंनी पहिला पेच फिरवायला घेतला होता. "पेच वाकडा जाऊन राह्यला, बाई."

"जाऊ द्या वाकडा. माह्या हातानं पुसलं, माह्याच हातानं लागू द्या."

तिसरा पेच बसला. चौथ्याला लिलाबाईंनी सारा जोर लावला, तळहात लाल झाला, आणि तो आत गेला. मिस्त्रींनी पट्टीवरून अंगठा फिरवला. घासलेला डाग पट्टीखाली गेला होता. देणे फिटले.